जप्त केलेल्या चित्रपुस्तकातील पागोटेवाल्याबाबत

प्रति,
मा. छापील मजकूर तपासणी अधिकारी,
मोठी कचेरी, देवास.

अर्जदार: कुसुमावती भ्र. मारुती भालेकर, धंदा कागदी पुड्या चिकटवणे, राहणार जुन्या पागेमागे, देवास.

विषय: चित्रातला खुनी जाळला गेला, खरा मोकळा आहे, त्याबद्दल.

संदर्भ: १) दरबारचा जाहीरनामा, सन १९४६.
२) आपला जप्तीचा हुकूम, ऑगस्ट १९५७.

महोदय,

आपल्या खात्याने खुन्याला सोडून खुन्याचे चित्र पकडले, आणि ते खुन्याच्याच हातून जाळून घेतले. अर्जदार बाई हे शुद्धीवर राहून लिहीत आहे. आपल्या बाबूंनी खिडकीतून सांगितले, "बाई, अर्जी हिंदी में लाओ." दरबारचा जाहीरनामा मराठीत होता, तेव्हा त्याच्याबद्दलचा सवालही मराठीतच राहील.

१. हुकुमात लिहिले आहे की सदर पुस्तक परदेशी आहे, हिंसक आहे आणि मुलांना सूड शिकवणारे आहे. परदेशी आणि हिंसक हे अर्जदार बाईला कबूल. त्यात पानापानावर माणसे मरतात. मुख्य माणूसही भला नाही. त्याच्या भावाला कोणी मारले, तेव्हापासून तो सरकारी इनाम लागलेली माणसे धरत फिरतो, जिवंत नाही तर मेलेली आणून टाकतो. हसत नाही, कोणाकडे जेवला तर ताट उचलत नाही, मेलेल्यावर चादर घालत नाही. अर्जदार बाईने त्याचे नाव खंडोजी ठेवले होते. त्याला चांगला म्हणून तिने कधी कोणाला सांगितले नाही. सुडाचे मात्र कबूल नाही. ते शिकायला पुस्तक लागत नाही, हे पुढे येईल.

२. अर्जदार बाईचा नवरा मारुती हा थोरल्या पातीकडच्या एका खासगी पागेत मोतद्दार होता, घोड्यांची निगा त्याच्याकडे. पाग भैयासाहेबांची. सन १९४६ च्या दसऱ्याला सकाळी त्याने त्यांना सांगितले, "सरकार, आज मोत्यावर बसू नका. पुढचा उजवा खूर दुखतोय." भैयासाहेब बसले. सीमोल्लंघनाहून परतताना मोत्या सडकेवर लोकांदेखत गुडघ्यावर आला, आणि भैयासाहेब पागोट्यासकट खाली. लोक हसले. भैयासाहेबांनी बंदूक मागवून घोड्याला गोळी घातली. मारुती घोड्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "सांगितलं होतं, सरकार." एवढेच म्हणाला. दुसरी गोळी त्याला घातली.

देवासची सडक आपण रोज ओलांडता. त्या वेळी सडकेच्या अलीकडे थोरली पाती होती आणि पलीकडे धाकटी, म्हणजे एका गावात दोन राज्ये. भैयासाहेब चालत पलीकडे गेले. चौकीचा शिपाई मागे धावला, सडकेच्या मध्यावर पाय जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "याच्या पुढे माझी नोकरी नाही." भैयासाहेबांनी पलीकडच्या दुकानी पाणी मागून घेतले, गार नाही म्हणून ओतून दिले, दुसरे मागितले. अर्जदार बाई अलीकडे उभी होती. तिला दोन्ही तांबे दिसले.

३. दरबारने जाहीरनामा काढला. भैयासाहेबांना जो हजर करील किंवा त्यांचा ठावठिकाणा जो सांगेल, त्याला सोन्याचे कडे व शेला देऊन भर दरबारात मान देण्यात येईल, असा. चौकीच्या भिंतीवर डकवला. पुढे दोन्ही पात्या मध्य भारत या नव्या राज्यात गेल्या, भिंतीला नवा चुना लागला आणि जाहीरनामा चुन्याखाली गेला. अर्जदार बाई विचारायला गेली, तेव्हा सांगितले की हे दरबारचे काम होते, दरबार राहिला नाही. मग मध्य भारतही गेला. आता सांगतात की जुनी दप्तरे गाठोडी बांधून भोपाळला गेली.

ठावठिकाणा मात्र अर्जदार बाईने काढला. तिने चिकटवलेल्या पुड्यांत नमुन्याचा गहू भरून मंड्यांत जातो. पुड्या नेणाऱ्या गाडीवानाने सहज सांगितले की बदनावरच्या मंडीत भैयासाहेबांची आडत आहे, चांगली चालते, गोड बोलतात. बदनावर धार जिल्ह्यात, म्हणून ती मोटारीने धारला गेली. तिथले बाबू माणूस म्हणून बरे होते. त्यांनी बसायला स्टूल दिले आणि म्हणाले, "माई, खून देवास का, आदमी बदनावर का, और सरकार अब भोपाल की. तुम ही बताओ, मैं किसको लिखूँ?" अर्जदार बाईने सांगितले, तिघांना लिहा. ते हसले आणि त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन ती परत आली.

४. आता पुस्तकाचे. पुड्यांसाठी रद्दी महूच्या छावणीतून येते. गोऱ्या पलटणी गेल्या तरी त्यांची रद्दी संपलेली नाही. तीत ही रंगीत चित्रांची पुस्तके निघत. अर्जदार बाई गावातल्या रद्दीच्या पुड्या चिकटवता चिकटवता मराठी वाचायला शिकली, हिंदीही. इंग्रजी येत नाही. पहिल्याच पुस्तकात तिने पाहिले की भिंतीवर एक कागद डकवला आहे, त्यावर माणसाचे तोंड आहे, खाली काही आकडा आहे, आणि एक घोडेस्वार तो कागद बघत उभा आहे.

तिला वाटले हे सरकारी छापील बातमीपत्र आहे. कुठल्या राज्यातला कोण खुनी अजून सापडायचा आहे, हे साहेब लोक चित्रे काढून कळवतात, असा तिचा समज झाला. आपल्याकडेही जाहीरनामाच लागला होता, म्हणून हसण्यासारखे तिला काही वाटले नाही. दोन पावसाळे तिने आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातले प्रत्येक पुस्तक पानन् पान पाहिले. भैयासाहेब त्यात कुठे आले आहेत का, ते ती शोधत होती. त्या पानांची तिने एकही पुडी केली नाही.

शेवटी पलीकडच्या आळीतल्या नीलकंठ मास्तरांना तिने एक पुस्तक दाखवून विचारले की यात देवासचा भाग कधी येतो. मास्तरांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळले. मग म्हणाले, "कुसुमबाई, ही मनाने रचलेली गोष्ट आहे. यातलं कोणी खरं नाही." तिने विचारले, "मग तो कागद?" मास्तर म्हणाले, "कागदही नाही."

५. दुसऱ्या दिवशी तिने खळ शिजवली. वेगवेगळ्या पुस्तकांची पाने एकाला एक जोडून तिने एकच पुस्तक केले. माणसांच्या तोंडापुढे बोलण्याचे जे पांढरे फुगे असतात, त्यांवर कोरा कागद चिकटवून आपल्या हाताने मराठी लिहिले. खंडोजी दर पानावर एकच विचारतो, "पाहिलात का त्याला?" लोक इकडच्या बोलीतच म्हणतात, "आमच्या हद्दीत नाही, भिया, पुढे बघा." जिथे जिथे मारेकरी होता, तिथे त्याची टोपी खोडून शाईने पागोटे काढले, डाव्या कानावर झुकलेले, भैयासाहेबांचे होते तसे. घोड्याचे नाव मोत्या घातले. मारुती असता तर म्हणाला असता, हा घोडा चित्रकाराने कधी पाहिलेला नाही.

आळीतल्या बाया पुड्या चिकटवायला बसत, त्यांना ती वाचून दाखवी. मुलेही येत. ती हिंदी शाळेत जातात, मराठी अडखळत वाचतात, ती या फुग्यांवरून वाचायला लागली. मुले विचारीत, "काकू, सापडला का तो?" अर्जदार बाई सांगे, "नाही, उद्याची पानं लावायचीत." शेवट तिने लावलाच नव्हता. खंडोजी पागोटेवाल्यासमोर येऊन उभा राहिलेले पान तिच्याजवळ वेगळे होते, दोघांची पिस्तुले निघालेली. ते तिने जोडले नाही. त्याचा निकाल खंडोजीने लावावा असे तिला वाटत नव्हते. ते काम आपले आहे, महोदय, आणि पुस्तकात आपल्यासाठी जागा ठेवलेली होती. हे सूड शिकवणे असेल तर तसे लिहून द्यावे.

६. आपल्या शिपायांनी रद्दीवाल्यांकडची सगळी चित्रपुस्तके उचलली, त्यांत हेही नेले. अर्जदार बाईने सांगितले की हे हाताने केलेले आहे. शिपायाने पान उघडले, पागोटे पाहिले आणि म्हणाला, "अरे, ये तो भैयासाहब हैं." त्याने आपल्यालाही दाखवले असणार. तेव्हा ओळख पटली नाही असे आपण म्हणू शकत नाही.

गेल्या सोमवारी चौकात पुस्तकांची होळी झाली. मुलांना रांगेत उभे केले होते. मांडवात आपण होता, आणि आपल्या शेजारी खुर्चीवर बदनावरहून खास बोलावलेले पाहुणे, भैयासाहेब. केस पिकले आहेत, पागोटे तसेच. आपण त्यांना हार घातला. त्यांनी मुलांना सांगितले की अशा पुस्तकांनी माणसाच्या मनातली दया मरते. मग काडी ओढली.

त्या वेळी अर्जदार बाईला काही वाटले नाही. राग आला नाही, रडू आले नाही. इतर पुस्तके भरभर जळली. तिचे खळीने जड झाले होते, ते पेटेना. करपलेल्या भाकरीसारखा वास सुटला. भैयासाहेबांनी काठीने ते ढोसले, तेव्हा वरचे पान उलटले. त्यांनी ते पाहिले. मग समोर पाहिले. अर्जदार बाई रांगेमागे उभी होती. त्यांनी पाणी मागितले.

मांडव उठल्यावर तिने राखेतून उरले तेवढे काढले. पागोट्याचा भाग शाबूत आहे. सोबत जोडला आहे.

७. कडे नको. शेला नको. पुस्तक परत नको. हा अर्ज ठावठिकाणा कळवण्याचा समजावा: भैयासाहेब, आडतदार, मंडी बदनावर, आणि सोमवारी सकाळी आपल्या उजव्या हाताला.

आता जाहीरनामा चालू असेल, तर दरबारने शोधायला सांगितलेला माणूस आपल्या हाताच्या अंतरावर बसला होता, त्याला हार का घातला ते कळवावे. जाहीरनामा रद्द झाला असेल, तर तो कोणी, कोणत्या तारखेला, कोणाला विचारून रद्द केला, ते कळवावे. "पुढे पाठवले आहे" असे उत्तर देऊ नये. तिन्ही सरकारांचे ते उत्तर तिच्याकडे आहे.

मारुतीने सांगितले होते. अर्जदार बाई सांगत आहे. उत्तर मराठीत, लेखी, आपल्या सहीने हवे: जाहीरनामा चालू आहे की नाही?

नम्र राहून झालेली,
कुसुमावती भ्र. मारुती भालेकर
(सही स्वहस्ते)
देवास, ता. १२ सप्टेंबर १९५७

सोबत:
१) दरबारच्या जाहीरनाम्याची हातनक्कल, चुना लागण्यापूर्वी भिंतीवरून केलेली.
२) अर्धवट जळालेले पान, पागोट्यासह.
३) न जोडलेले शेवटचे पान. यातले दोन्ही फुगे कोरे ठेवले आहेत. त्यांतला एक आपला आहे.