भैरवीची ताकीद

सोमवार, २० जानेवारी. सांगली. सकाळी ७

काल पलूसजवळच्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेतल्या एका माणसाला बाहेर काढलं आणि त्यानंतर कार्यक्रम बंद पडला, हे खरं आहे. तबल्याला असलेल्या अर्जुनाने आत्ताच फोनवर दुजोरा दिला. मात्र या दोन गोष्टींचा संबंध लावणं चूक आहे.

झालं एवढंच. यमन सुरू होता. शंभूराज नावाचे गृहस्थ माझ्यापासून चार हातांवर बसून फोनवर ऊसतोडीच्या टोळीशी बोलत होते. "कुटं आलायसा? फडात जावा की सरळ!" मी गाणं थांबवलं, बोट दाखवलं, शांतपणे म्हणालो, फोन घ्या आणि बाहेर व्हा. गृहस्थ उठले, मला वाकून नमस्कार केला, गेले. जाताना ट्रॅक्टर घेऊन गेले. गावात लाईट नव्हती. माईक आणि दिवे त्या ट्रॅक्टरला जोडलेल्या जनरेटरवर होते.

अर्जुना म्हणतो, "बुवा, मी डोळं मोठं करून सांगत हुतो, ट्रॅक्टर त्येंचाच हाय म्हून." तबलजीने तोंडाने सांगावं. डोळ्यांची भाषा मला येत नाही.

संकल्प: यंदा श्रोत्यांना शिस्त लावायची. ८ फेब्रुवारीला वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात माझं गाणं आहे. घाटावर ती संध्याकाळ एकोणीस वर्षं माझी आहे. त्याआधी माझ्या गुरूंची होती. दिवाळीत उत्सव कमिटीच्या लालासाहेबांचा फोन आला होता. "बुवा, लोकं मधनंच उटून जात्यात. औंदा श्येवटपतूर बसली तर फुडं बगू." म्हणजे सगळं ८ तारखेवर आहे.

घरी गोदावरीला हे सांगितलेलं नाही. उगाच काळजी करेल. आज तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, अहो, वाईचं काय ठरलं? फोन तिच्याच मोबाईलवर आला होता, हे लक्षात नव्हतं.

बुधवार, २२ जानेवारी

ओरडणं हा मार्ग नाही. त्यात गळा जातो. नवीन धोरण: मौन. कोणी त्रास दिला की गाणं थांबवायचं, डोळे मिटायचे, मान खाली. माणसाला आपोआप लाज वाटते.

दुपारी सई आली. आठ वर्षं माझ्याकडे शिकली, आता साताऱ्यात एका शाळेत संगीत शिकवते. सांगत होती, तिच्या एका कार्यक्रमात लहान मूल रडायला लागलं. तिने मुलाचा सूर धरला आणि तिथूनच आलाप सुरू केला. मूल गप्प. लोक हसले, मग ऐकत बसले. विचारलं, कुठला राग होता? म्हणाली, मुलाचा म्हणाल तर पिलूच्या जवळपास होता, गुरुजी.

मी हसलो नाही. आज मुलाच्या मागे जाशील, उद्या गाढवाच्या जाशील, असं स्पष्ट सांगितलं. ती पाया पडून गेली. मुलगी गुणी आहे. स्टेजवर टिकणार नाही.

सोमवार, २७ जानेवारी

काल शिराळा. मौनाचा पहिला प्रयोग.

पहिल्या रांगेत सुलाबाई नावाच्या आजी हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसलेल्या. घाटे फोडायचे, दाणे तोंडात, टरफलं पुढे, म्हणजे माझ्या दिशेने. शेजारणीशी सुनेबद्दल बोलणं चालू. मी थांबलो. डोळे मिटले. मान खाली.

परिणाम तात्काळ. मांडवात इतकी शांतता की लांबच्या म्हशीचं हंबरणं ऐकू आलं. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला. सगळा मांडव उभा. माना खाली, टोप्या हातात. सुलाबाईसुद्धा, डहाळे पदराखाली झाकून. माझ्याकडे बघून कोणीतरी समजूत करून घेतली होती की श्रद्धांजली चालू आहे.

दोन मिनिटं झाल्यावर संयोजक माईकवर म्हणाले, "ओम शांती." मग अर्जुनाच्या कानाशी लागून विचारलं, "कोण गेलं वो?" अर्जुना म्हणाला, "ठावं न्हाई, पन बुवांच्या लय जवळचं असनार." श्रद्धांजलीनंतर गाणं बरं दिसत नाही, म्हणून चहा देऊन कार्यक्रम संपवला. एकूण गायलो सतरा मिनिटं.

निघताना सुलाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "जिवाला लावून घिऊ नगासा. गेल्यालं मानूस माघारी येतंय व्हय?" आणि उरलेले डहाळे पिशवीत घालून दिले. गोदावरीने उसळ केली. चांगली झाली.

निष्कर्ष: मौन उत्तम चालतं. फक्त त्याच्या पुढचं काय ते ठरवायला हवं.

बुधवार, ५ फेब्रुवारी. रात्री जेवण्याआधी

वाईसाठी ठरलं. आधी ताकीद. गायकाच्या हातातलं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे भैरवी. ती गायली की मैफल संपली, पुढे कोणी काही गात नाही, हे वाईत पोरासोरांनाही माहीत आहे. गडबड झाली की मी म्हणणार: "आपण शांत बसणार नसाल, तर मी भैरवी घेऊन उठेन." आरशासमोर वीस वेळा म्हणून पाहिलं. आवाजात राग नको. दुःख हवं.

गोदावरी दारातून ऐकत होती. म्हणाली, "आणि लोक 'घ्या' म्हणाले तर?"

चाळीस वर्षं ही बाई गाणं ऐकते आहे, पण श्रोत्यांचं मन तिला कळलेलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल वाई.

सातचं गाणं सात पन्नासला सुरू झालं, कारण आधी अकरा सत्कार. घाट भरलेला. पायऱ्यांवर पोरं वर-खाली पळत होती. दर पाच मिनिटांनी माईकवरून कोणाची तरी मोटरसायकल हलवायला सांगत होते. मी सहन केलं. मग उशिरा आलेल्या एका पाहुण्यांना लालासाहेब थेट स्टेजवर घेऊन आले आणि माझ्या आणि अर्जुनाच्या मधे उभं करून त्यांना शाल घातली. फोटोसाठी मला जरा सरकायला सांगितलं. मी तानेत होतो. सरकलो.

शालीचं टोक डग्ग्यावर पडलं तेव्हा थांबलो. ताकीद दिली. ठरल्याप्रमाणे, शब्द न् शब्द, दुःखाने.

टाळ्या पडल्या. असल्या टाळ्या एकोणीस वर्षांत पडल्या नव्हत्या, आणि त्याही भैरवी गायच्या आधी. मागून आवाज आला, "घ्या बुवा, घ्या भैरवी! प्रसाद गार व्हायलाय!"

शब्द दिला तो दिला. भैरवी घेतली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या नऊ मिनिटांत घाटावर कोणी हललं नाही. षड्ज असा लागला की मला स्वतःलाच वाटलं, हा कोण गातोय. पोरं पायरीवर बसली. मोटरसायकलवाल्यांची नावं थांबली. आठ सत्तावीसला संपलं. लोक उठले, प्रसादाकडे गेले. अर्जुना तबल्यावर गवसणी चढवत हळूच म्हणाला, "पयल्यापास्नं असंच गायला पायजे हुतं, बुवा. लोकांस्नी न बोलता."

ते सोडा. लालासाहेबांची अट काय होती? लोक शेवटपर्यंत बसले पाहिजेत. बसले. एकही माणूस मधून उठला नाही. अट पूर्ण.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वाईहून बातमी. कमिटीचं म्हणणं, गाण्याची वेळ साडेनऊपर्यंत होती, सेवा अर्धवट राहिली. देवीपुढे अर्धवट सेवा ठेवता येत नाही. उत्सव चालू आहे तोवर पूर्ण करायची. दिवस ठरला, शनिवार, १५ तारीख.

म्हणजे आठवड्यात दुसऱ्यांदा बोलावणं. अजून फोन नाही, पण सेवा ज्याची अर्धी, पुरी करणार तोच. झब्बा इस्त्रीला दिला. भैरवीपासून सुरू करता येत नाही, ही एक अडचण. मारवा काढतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अर्जुनाला शनिवारचं सांगितलं. म्हणाला, "शनवारी मी गुतलोय, बुवा." कुठे, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दुसरा तबलजी बघतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

लालासाहेबांचा फोन. पुन्हा गोदावरीच्या मोबाईलवर. तिने स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

उद्या सई गाणार. पुढच्या सालापासून तीच. "तुमच्या लेकीवानीच हाय की वो, संध्याकाळ घरातच ऱ्हायली म्हना." साथीला अर्जुना.

 लालासाहेबांना वाटलं, फोन कट झाला. दोनदा "हॅलो" म्हणाले. मग म्हणाले, "बुवा, तुमीबी यायाच पायजे. लोकांस्नी गप करनारं मानूस आमच्याकडं न्हाई. तुमाला त्यातलं लय कळतंय. कमिटीनं तुमच्या नावाचा बिल्लाबी काढून ठ्येवलाय."

स्वयंसेवकाचा बिल्ला.

विचार करून कळवतो, असं म्हणणार होतो. गोदावरी म्हणाली, "येतील ते." फोन ठेवला. सईचा फोन आधीच येऊन गेला होता म्हणे, तीन दिवसांपूर्वी. रडत होती. गुरुजी नको म्हणाले तर मी नाही गाणार, म्हणाली. गोदावरीनेच तिला गा म्हणून सांगितलं.

मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुम्ही मारव्यात होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ११

बस साडेबाराची. झब्बा घेतला नाही, शर्ट घातला आहे. बिल्ला झब्ब्यावर बरा दिसत नाही.

वाईला पाचपर्यंत पोचणं अपेक्षित आहे. सहाला चपला एका बाजूला लावून घ्यायच्या. सातला सईचं गाणं. ते सुरू झालं की मी सगळ्यात मागे, वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि कोणी बोललं तर त्याला गप्प करायचं. तिथे गाणं कितपत ऐकू येतं, मला माहीत नाही. साडेनऊला ती भैरवी घेईल.