प्रोसेसर बदलावा की नाही, याबद्दल मामांना निःपक्षपाती पत्र

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार, दुखऱ्या पायाला जरा जास्त. मामीचा खोकला कसा आहे? ती औषध घेते की नुसतं उशाशी ठेवते? आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून सगळे फारच मजेत आहेत, त्याबद्दलच लिहायचं आहे. हे पत्र मुद्दाम तुमच्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोनच केला असता, पण आई तो स्पीकरवर टाकून ताटांच्या मधोमध ठेवते आणि सगळे एकदम बोलतात, हे तुम्हाला माहीत आहेच. (मामीपासून लपवून घेतलेल्या दुर्बिणीबद्दल तुम्ही दादाला सांगत होतात, तेव्हा मामी इथेच बसून जेवत होती.)

रविवारी तुम्हाला घरून फोन येईल. तुम्ही जोडून दिलेल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलावा की नाही, असं बाबा विचारतील. त्याआधी दोन्ही बाजू शांतपणे लिहून कळवायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं आहे, कारण मी शिकलेली. या घरात मी पहिली पदवीधर झाल्यापासून औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं माझ्यापुढे येतं. बाबा मला 'साहेब' म्हणतात, दादा 'विद्यापीठ' म्हणतो. मला याचा गर्व नाही. शिक्षण ही जबाबदारी आहे असं मी मानते, आणि हे पत्रही मी त्याच जबाबदारीने, कुणाचाही राग मनात न ठेवता लिहिते आहे.

तर वहिनी.

दादाचं लग्न झालं तेव्हा मला आनंदच झाला होता. वहिनी दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसते, दिवसभर घाबरलेल्या लोकांशी गोड बोलते आणि घरी येऊन आमच्याशीही तसंच गोड बोलते, जणू आमचीही दाढ काढायची आहे. मला ती 'वन्सं' म्हणते. हा शब्द मी फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेला. ती तो असा हसत म्हणते की रागावता येत नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण एके संध्याकाळी तिने विचारलं, "वन्सं, तुमचा कॉम्प्युटर रिकामा आहे का हो? जरा एक गेम टाकू का?" मी हो म्हटलं. माझ्या उदारपणाचे मला नेहमी असेच परिणाम भोगावे लागतात.

तो गेम असा: आपला एक किल्ला असतो. त्यात माणसं वसवायची, धान्य पिकवायचं, सैनिक तयार करायचे आणि मग शेजारच्या राजाशी लढायचं. पहिले दोन दिवस ती एकटी खेळली. तिसऱ्या दिवशी दादा मागे उभा राहिला. मग आई भाजी निवडायला तिथेच बसू लागली. आता आई त्या सैनिकांना घरच्यासारखं ओळखते. "अगं, त्या लंगड्याला पुढे पाठवू नकोस, कालच बरा झालाय," असं ती वहिनीला बजावते, आणि वहिनी खरंच त्या धनुर्धाऱ्याला मागे घेते. बाबा, जे सुतारकामाच्या कारखान्यातून दमून आल्यावर कुणाशी चार शब्द बोलत नसत, ते चहाचा कप घेऊन वहिनीच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि किल्ल्याच्या दरवाजाला बिजागऱ्या चुकीच्या बाजूला लावल्यात, असं शत्रू आत घुसत असताना सांगतात. परवा समोरच्या शिंपीणबाई त्यांचं हातातलं काम घेऊन आल्या. (याच बाईंना मी माझ्या साक्षरता वर्गाला तीनदा बोलावलं होतं. एकदाच आल्या आणि भिंतीला टेकून झोपल्या.) मामा, मी माझा शेवटच्या वर्षाचा निबंध, 'वाचनालय आणि समाज', घरात मोठ्याने वाचला होता. तेव्हा दुसऱ्या पानावर बाबांना डुलकी लागली, आणि आईने मध्येच उठून दूध उतू गेलं का ते पाहिलं. दूध गॅसवर नव्हतंच.

असो. हे सगळं पार्श्वभूमी म्हणून. मूळ अडचण अशी की वहिनीचं सैन्य मोठं झालं की गेम अडखळतो. लढाई ऐन रंगात आली की सगळे सैनिक एक पाय वर करून थिजतात, बाण हवेत लटकतात, आणि आई "अगं बाई, काय झालं त्यांना?" म्हणून भाजी खाली ठेवते. जेवताना यावर चर्चा झाली. वहिनी म्हणाली, प्रोसेसर जुना झालाय, नवा घेऊन टाकू. दादाला प्रोसेसर म्हणजे नक्की काय ते ठाऊक नाही, पण लग्न नवीन असल्यामुळे त्याचा पाठिंबा होता. मग बाबा म्हणाले, "साहेबांना विचारा," आणि सगळे माझ्याकडे वळले. फार दिवसांनी वळले. मी म्हटलं, अभ्यास करून सांगते.

अभ्यास केला. बाजू पहिली, म्हणजे घ्यावा: अशा गेममध्ये शेकडो सैनिकांच्या हालचालींचा हिशेब प्रोसेसरलाच करावा लागतो, त्यामुळे तो ताकदवान असेल तर फरक पडेल. बाजू दुसरी, म्हणजे घेऊ नये: नवा प्रोसेसर आपल्या जुन्या मदरबोर्डवर बसणार नाही, म्हणजे तोही बदला, मग रॅमही बदला, म्हणजे तुम्ही जोडलेल्या मशीनपैकी फक्त डबा आणि आईने विणलेलं कीबोर्डचं झाकण उरेल. शिवाय ज्या कॉम्प्युटरवर एका मुलीने पदवी मिळवली, तो काल्पनिक शेजाऱ्यांची गुरं पळवण्यासाठी वाढवावा का, हाही प्रश्न आहे. शिवाय बाबांनी त्यासाठी खास कपाट केलं आहे. ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पास झाले त्या महिन्यात त्यांनी कारखान्यातून आल्यावर रोज थोडं थोडं करून ते बनवलं. सांधे इतके घट्ट की मुंगीने आत शिरायचं म्हटलं तरी तिला दार वाजवावं लागेल. आत तो डबा, वर मॉनिटर, दारावर कोरलेलं उघडं पुस्तक. "धूळ जाता कामा नये," एवढंच बाबा म्हणाले होते. बाबांची शाळा चौथीत सुटली. माझं कौतुक त्यांनी तोंडाने कधी केलं नाही, ते कपाटाने केलं. (कपाटाचा आणखी एक उपयोग निघाला आहे: आई हल्ली दही लावलं की भांडं त्याच्यावर ठेवते. वहिनीची मोठी लढाई असली की दही फार सुरेख लागतं.)

दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवल्या आहेत. निर्णय तुमचा. तो 'नको' असा असावा.

तुमची भाची

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त अपुरं आहे. पुन्हा नव्याने लिहिणार होते, पण अक्षर फार चांगलं आलं आहे म्हणून खालीच लिहिते. दह्याबद्दल लिहिताना प्रश्न पडला, कपाटावर एवढी ऊब येते कुठून? आज दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी प्रोसेसर किती तापतो ते दाखवणारा प्रोग्रॅम टाकला, वहिनीची लढाई सुरू केली आणि बघत बसले. आकडा चढत चढत लाल झाला आणि सैनिक थिजले. मी पुस्तक कोरलेलं दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. थोड्या वेळात आकडा उतरला आणि सैनिक असे धावले, मामा, की तो लंगडासुद्धा धावला. म्हणजे प्रोसेसर म्हातारा नाही, त्याला श्वास मिळत नाही. दार सताड उघडं ठेवावं तर ते बरोबर खुर्चीच्या आड येतं, कुणाला बसता येणार नाही. म्हणजे कपाटाला मागून चांगलं हातभर भोक पाडायला हवं. सत्य लपवू नये असं मी साक्षरता वर्गात नेहमी सांगते. मग मी दार लावून घेतलं. ते कपाट माझं आहे, मामा. तिच्या किल्ल्यासाठी मी त्याला भोक पाडू देणार नाही. तुम्ही फक्त 'नको' म्हणा, बाकी काही सांगू नका.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायला गेले, तर वहिनी खोलीत आली. मी तिला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, कपाट जरा गरमच होतं नाही? ती म्हणाली, "अहो, पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं माझ्या. गुडघा टेकला होता, चटका बसला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? भोक पाडायला लागलं असतं. बाबांनी तुमच्यासाठी केलंय ते. नवे प्रोसेसर कमी तापतात म्हणे, म्हणून म्हटलं तोच घेऊ, कपाट राहील तसंच." एवढं बोलून ती गोड हसली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मामा, आतापर्यंत मला फक्त तिच्या खुर्चीमागच्या गर्दीचा हेवा वाटत होता. आता तिच्या चांगुलपणाचाही वाटायला लागला. हे आणखी वाईट आहे, कारण गर्दीबद्दल निदान तक्रार करता येते. मी दिवसभर कपाट वाचवत होते, आणि ती माझ्याआधीच ते वाचवून बसली होती, तेही कुणाला पत्र न लिहिता.

ता. क. तिसरा आणि खरा. रविवारी फोनवर 'हो' किंवा 'नको' काहीच म्हणू नका, स्वतः या. कपाट पाहा, आधी हात फिरवून मनापासून कौतुक करा, आणि मग बाबांना सांगा की हल्लीचे कॉम्प्युटर फार नाजूक, यांना दम लागतो, मागून वारा द्यावा लागतो. मी सांगितलं तर बाबा हो म्हणतील आणि मग दोन दिवस गप्प राहतील. तुम्ही मेहुणे, तुमच्यावर त्यांना ओरडता येईल. त्यांना ते बरं वाटेल. भोक त्यांनाच पाडू द्या. आणि कडेने थोडं नक्षीकाम करा असं सुचवा, म्हणजे ते रागातून लवकर बाहेर येतील.

आणि येताना नवा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमसकट, घेऊनच या. वहिनी म्हणते, शेजारी दुसरी खुर्ची टाकली की त्या गेममध्ये दोघींना एकदम खेळता येतं. मी तिच्या बाजूने लढावं असं तिच्या मनात आहे, तिने माझ्यासाठी किल्ल्यात खोलीसुद्धा बांधली आहे. मी तिला कळू न देता शेजारच्या राज्यात नाव घातलं आहे. दोन मोठी सैन्यं म्हटली की भोक पाडूनही जुना प्रोसेसर पुरणार नाही, याचाही मी अभ्यास केला आहे. लढाई सुरू झाली की बाबा चहाचा कप घेऊन कुणाच्या खुर्चीमागे उभे राहतात, एवढंच मला बघायचं आहे.