पातेल्यातली पाकिटं

मॉरिसव्हिल, १२ मार्च २०२४

ती. उल्काताईंना,
वीणाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण हे दिवसभर माझ्या शेजारीच बसून असतात आणि त्यांच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही.

तुमच्या भावाचं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. आयर्लंडची दुर्मीळ टपाल तिकिटं, आणि त्याहून लाडकी ती तिथून जहाजानं अमेरिकेला आलेली जुनी पाकिटं. समुद्रापार गेलेल्या पोरांना आयांनी धाडलेली, असं म्हणत ते एकेक पाकीट पाहुण्यांना दाखवायचे. अशा पाकिटावरचं तिकीट कधी काढायचं नाही, बंदराचा शिक्का आणि जहाजाचं नाव गेलं की सगळं गेलं, हे त्यांनीच घरात सगळ्यांना बजावलेलं.

परवा मी डेंटिस्टकडून आले, तर स्वयंपाकघरात पातेलंभर कोमट पाणी आणि त्यात ती सगळी पाकिटं. हे चिमट्यानं तिकिटं सोडवून टॉवेलवर वाळत घालत होते, अगदी खुशीत. लहानपणी नागपूरला तुम्ही दोघं करायचात ना, तसं. लगदा झालेला कागद गोळा करून टाकला. संध्याकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं.

इतके दिवस त्यांचं विसरणं मी वयावर ढकललं. आता ढकलवत नाही. मे महिन्यात त्यांच्या तिकीट-संग्राहकांच्या क्लबच्या प्रदर्शनात पाकिटं मांडायची आहेत. त्यांनी कपाट उघडलं की मी काय सांगू?

तुमची माया आहे, तीच पाठीशी असू द्या.
तुमची वीणा


शिकागो, १९ मार्च २०२४

चि. सौ. वीणास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

पत्र आलं तेव्हा डेव्हनच्या बाजारात भाजी आणायला निघाले होते, वाचून तशीच परत येऊन बसले. तुमच्या लग्नात या पोरानं आहेराआधी टपालानं आलेल्या पाकिटांवरची तिकिटं मागून घेतली होती, तेव्हाच तू सावध व्हायला हवं होतंस.

थट्टा पुरे. डॉक्टरांना दाखव, लेकीला, सोनलला बोलावून घे, आणि विचारलंच तर त्याला खरं काय ते सांग. लपवाछपवी त्याला कधीच खपली नाही.

जिवाला जपून अस.
तुझी उल्काताई


मॉरिसव्हिल, ३० एप्रिल २०२४

ती. उल्काताईंना, सप्रेम जयभीम, वि. वि.

डॉक्टर म्हणाले, आजार स्मृतीचाच आहे आणि तो वाढत जाणार. सोनल आमच्याकडे राहायला आली आहे.

रविवारी ह्यांनी कपाट उघडलं. त्या दिवशी नेमकं सगळं लख्ख आठवत होतं, जहाजांची नावंसुद्धा. रिकामा खोका उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "वीणा, हे मी तर नाही ना केलं?"

ताई, तुम्ही सांगितलेलं सगळं मी विसरले. इतकी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, मीच केलं, तिकिटं अल्बममध्ये लावायची म्हणून. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवणही सोनलनं वाढलं तरच.

रागावू नका.
वीणा


शिकागो, ७ मे २०२४

चि. सौ. वीणास, अ. आ.

रागावले आहेच. काल फोनवर तो तासभर तुझीच तक्रार करत होता. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तू त्याचा कागदाचा कपटा हलवला नाहीस, आणि आता गुन्हेगार तू? मला परवानगी दे, मी सांगते त्याला.

तुझीच,
उल्काताई


मॉरिसव्हिल, ८ ऑक्टोबर २०२५

ती. उल्काताईंना, सप्रेम जयभीम, वि. वि.

त्यांना खरं सांगायला मी तेव्हा नको म्हटलं, आता तर नकोच. सोनलचं नाव गेलं. नागपूर गेलं. मी शर्टाची बटणं लावून दिली की परक्या बाईला म्हणावं तसं मला थँक यू म्हणतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

काल दुपारी मी भात भरवत होते, तर हे माझा हात धरून बराच वेळ चेहरा न्याहाळत राहिले. म्हणाले, "तूच ना ती? माझी पाकिटं भिजवणारी?"

मी हो म्हटलं. या घरात त्यांना आता ओळखू येते ती मी एकटीच. तेवढं माझ्याकडे राहू द्या, ताई.

तुमची वीणा