रोआनोकचा हजेरीपट

५ सप्टेंबर १९९८, शारजा
काल उतरले. मुलाचा, निखिलचा, फ्लॅट रोल्ला भागात, खाली भाजीवाला, पलीकडे शाळा. निवृत्तीनंतर या वयात कुणी इतिहास शिकवायला बोलावतं, म्हणजे नशीबच. सून शुभ्रा अदबीने वागते. नात इरा इंग्रजीतच उत्तरं देते, ते सुधारेन.

१२ सप्टेंबर
नववी ब. इरा माझ्याच वर्गात. धडा अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचा. जांभया बघून रोआनोक बेटाची हकीकत सांगितली. १५८७ साली शंभरावर माणसं तिथे ठेवून गव्हर्नर रसद आणायला मायदेशी गेला. जागा सोडावी लागली तर कुठे गेलात ते कोरून ठेवा, संकट असेल तर वर क्रूस काढा, असं ठरलं होतं. तीन वर्षांनी परतला तर एक माणूस नाही. खांबावर एका बेटाचं नाव. क्रूस नाही.
जांभया थांबल्या. प्रत्येकाला त्यातल्या एकेकाचं नाव दिलं. हजेरी त्याच नावांनी. मी गव्हर्नर, उत्तर ‘प्रेझेंट, गव्हर्नर’ असं द्यायचं. इरा त्याची तिथेच मागे राहिलेली नात, व्हर्जिनिया.

३ ऑक्टोबर
वर्गातला सुजीत आला नाही. शाळेचा क्लार्क ॲम्ब्रोज म्हणाला, व्हिसा कॅन्सल झाला असेल, फॅमिली एक्झिट, देश सोडून गेले, खलास. इथली रीत अशी की लाल शाईने ‘एक्झिट’ लिहायचं, चौकशी करायची नाही. लिहिलं.

१० ऑक्टोबर
आणखी सहा गैरहजर. त्यातली ऑड्री आमच्याच बिल्डिंगमधली, म्हणून वर तिच्या घरी गेले. दार उघडं. चपला जागेवर, पातेल्यात भात गरम. चौकटीवर कोरलेलं तेच बेटाचं नाव. क्रूस नाही. ॲम्ब्रोज हसला. म्हणाला, मिस, पोरं मस्ती करतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

१४ ऑक्टोबर
इरा म्हणाली, आजी, प्लीज चेंज माय नेम. मी नाही म्हटलं. नातीला सवलत दिली तर बाकीच्यांनी काय समजायचं? ती रडली नाही. क्रूस नावाच्या वरच काढायचा ना, एवढंच विचारलं.

१७ ऑक्टोबर
वर्गात एकतीसपैकी नऊ मुलं. हजेरीला एकतीस ‘प्रेझेंट’. बावीस रिकाम्या बाकांवरून.

१८ ऑक्टोबर
वर्गात इरा एकटी. हजेरीपटात व्हर्जिनिया खोडलं, इरा लिहिलं. पान उलटून पाहिलं तर पुन्हा व्हर्जिनिया. अक्षर माझंच.

१९ ऑक्टोबर
शाळेत पाठवली नाही. निखिल-शुभ्रा कामावर. घरात दूध नाही, ब्रेड नाही. बाहेरून कुलूप लावून खाली जाते. पाच मिनिटं.

आले. कुलूप तसंच. चपला जागेवर. इरा—
तिच्या खोलीच्या चौकटीखाली कर्कटक पडलाय. लाकडाचा भुसा ताजा. बेटाचं नाव. वर एक उभी रेघ, आडवी अर्धीच—

रसद आणायला गेले. मीच—

इरा म्हणून हाका मारल्या. उत्तर नाही. दहादा. मग त्या नावाने— एकदाच—
लाकडातून. तिचाच आवाज. प्रेझेंट, ग—