आत्याला समजेल असं

१२ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुमच्या भावाचा खोकला एकदाचा गेला. तुमचं मनगट कसं आहे? प्लास्टर निघाल्या निघाल्या शिवणयंत्रावर बसलात असं कळलं. जरा दमानं घ्या.

ठकूचा सहामाहीचा निकाल लागला. भौतिकशास्त्रात ऐंशीपैकी एकसष्ट! चाचणीत चाळीसपैकी नऊ होते. नववीला हा विषय मीच शिकवते, आणि घरची मुलगी नापास. शिक्षकांच्या खोलीत 'दिव्याखाली अंधार' हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. मग घरी आले की तिला समोर बसवायची. दुसऱ्यांदा विचारलं की माझा आवाज चढायचा. बिचारी न कळताच 'कळलं' म्हणायला शिकली.

तुम्ही हात मोडून आमच्याकडे आलात आणि तिला म्हणालात, "मी सातवीत शाळा सोडली. काय शिकलीस ते मला समजेल असं सांग बघू."

एकदा मी शाळेतून आले, तर आतून तुमचा आवाज: "म्हणजे भरलेली बादली घेऊन मी तासभर उभी राहिले, तरी कार्य शून्य? पुस्तक लिहिणाऱ्याला बोलाव इकडे, त्याच्याच हातात देते बादली!"

ठकू खदखदून हसत होती. "अगं आत्या, दमणं वेगळं आणि कार्य वेगळं. बादली जागची हललीच नाही ना! वर उचललीस तर कार्य झालं."

"आणि खाली ठेवली तर?"

ती गप्प झाली. विचार करत होती. माझ्यासमोर ती कधी अशी गप्प झाली नव्हती.

त्या दिवशी शाळेत तपासणी होती, मी फार थकले होते, म्हणून माझ्या तोंडून...

नाही. तपासणी वगैरे काही नव्हती. मला तुमचा हेवा वाटला, ताई. मी दारातूनच म्हणाले, "ताई, यातलं तुम्हाला काय कळतं? उगाच तिच्या डोक्यात घोळ घालू नका." तुम्ही "बरं" म्हणालात आणि उठलात. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॅग भरलीत. "ताईंना घरची ओढ लागली," असं मी तुमच्या भावाला सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं.

तुम्ही गेल्यावर ठकू भिंतीला धडे सांगायची. ते ऐकवेना. मग मी वर्गात गृहपाठच बदलला: आजचा धडा घरात कुणाला तरी सांगायचा, आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न लिहून आणायचा. मागच्या बाकावरची एक मुलगी जूनपासून तोंड उघडत नव्हती. तिचे वडील बस चालवतात. जडत्व ऐकून ते म्हणाले, "ब्रेक मारला की माणसं पुढे का कलंडतात, ते होय! वीस वर्षं शिव्या खातोय, नाव आज कळलं." हे सांगताना पोरगी उभीच्या उभी खुलली. सगळा वर्ग हसला, तीही हसली.

काल दुपारी ठकूला विचारलं, "भिंगांचा धडा समजावू का?"

म्हणाली, "नको. तू ऐक. मी सांगते."

चाळीस मिनिटं मी तोंड मिटून बसले. ती दोनदा चुकली. दोन्ही चुका तिच्या तिलाच सापडल्या. शेवटी म्हणाली, "आई, कळलं का तुला?" सोळा वर्षं हा विषय शिकवतेय, ताई, पण असं प्रेमानं मी कुणाला विचारलं असेन असं वाटत नाही.

मी बोलले ते चुकीचं होतं. तुमच्या भावालाही काल खरं काय ते सांगितलं. माझी मुलगी पुन्हा प्रश्न विचारायला लागली, ती तुमच्यामुळे. हे तोंडावर सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

सुट्टीत या. हात धडधाकट असतानाही या.

तुमची ऋणी,
तुमच्या भाचीची आई