बेसमेंटमधला चिटणीस

नेपरव्हिल,
१४ जानेवारी २००४

ती. सौ. शुभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, फोन असताना दीपाला आज पत्र लिहायचं काय सुचलं? ताई, फोनवर बोलवत नाही. बेसमेंटमध्ये त्याच लाइनचा दुसरा फोन आहे. रविवारी आपण बोलताना मध्येच खट् झालं आणि तू विचारलंस, कोण आहे. मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. खाली यतीन चिटणीस ऐकत होता.

अतुल वारल्यावर, संसारच संपल्यावर, एवढ्या घरात एकटीला करमेना, म्हणून ऑक्टोबरात बेसमेंट भाड्यानं दिलं, हे तुला ठाऊकच आहे. देवळात ओळख झालेली, इथं अमेरिकेतच वाढलेला माणूस, तरी मराठी स्वच्छ. पहिल्या बर्फात न सांगता सगळा ड्राइव्हवे साफ केला. मला काकू म्हणतो. नोव्हेंबरात त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी श्रीखंडसुद्धा केलं होतं.

नाताळानंतर त्याचं वागणं बदललं. रस्ते निसरडे आहेत, ड्राइव्ह करू नका, असं म्हणत गाडीच्या किल्ल्या त्यानं स्वतःकडे ठेवल्या. मागितल्या की हसतो आणि विचारतो, कुठं जायचंय, मी नेतो ना. टपालही तोच आत आणतो. परवा माझी मैत्रीण निधी आली होती. तिला त्यानं दारातूनच सांगितलं की काकू झोपल्यात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, ताई! आणि बाहेर जाऊन निधीला हाक मारायचा धीर मला झाला नाही.

त्यानं हात लावलेला नाही, आवाजही चढवलेला नाही. पोलिसांना काय सांगू? भाडेकरू बर्फ काढतो आणि हसतो? दोन गल्ल्या चालत जाऊन हे पत्र निधीकडे देते आहे. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती असू दे, आणि लवकर लिही.

तुझी
दीपा


पिस्कॅटवे,
१९ जानेवारी २००४

चि. दीपास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. ह्यांचं ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय, नाहीतर पत्राच्या आधी मीच येऊन थडकले असते. भीती वाटली की सरळ निधीकडे जाऊन राहा. घराचं घर बघून घेईल.

वकिलाच्या ऑफिसात इतकी वर्षं टायपिंग केलं, त्याचा आता तुला उपयोग होऊ दे. या देशात फौजदारी खटल्यांची नोंद कुणालाही बघता येते. फेलनी म्हणतात तो मोठा गुन्हा, ज्याला वर्षाहून जास्त तुरुंगवास होऊ शकतो. तो ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, घडला, तिथल्या कोर्टात त्याची फाइल असते. तुमचं कोर्ट व्हीटनला. क्लर्कच्या ऑफिसात लोकांसाठी कॉम्प्युटर ठेवलेला असतो. आडनाव टाकायचं, नाव टाकायचं. तू कोण, तुला कशाला हवंय, असं कुणी खोदून विचारत नाही. काही निघालंच तर खटल्याचा नंबर देऊन फाइल मागायची. पण आधी जन्मतारीख जुळते का ते बघ. एका नावाची दहा माणसं असतात, उगाच कुणावर आळ नको.

पाल दिसली की पलंगावर चढून बसणारी माझी बहीण कोर्टाची पायरी चढणार, याचं हसू येतंय आणि रडूही. निधीला बरोबर ने. किल्ल्यांसाठी त्याच्याशी वाद घालू नकोस.

जिवाला जप. इकडचे सगळे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत.

तुझी
शुभाताई


नेपरव्हिल,
२ फेब्रुवारी २००४

ती. सौ. शुभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. निधीकडे भजनाला जाते असं खोटं सांगितलं. कोर्टात शिरताना पर्स मशीनमधून गेली तेव्हा वाटलं, आपणच गुन्हेगार. निधीनं नाव टाइप केलं. काहीच निघालं नाही. पुन्हा टाकलं, तरी नाही.

मला इतकं हलकं वाटलं, आणि इतकी लाजही! घरी आले तर त्यानं माझ्यासाठी सूप करून ठेवलं होतं. वाटलं, एकटेपणानं माझंच डोकं फिरलंय.

पण ताई, काल सकाळी पाहिलं तर बेसमेंटच्या दाराला वरून माझ्या बाजूनं असलेली कडी नाही. चार स्क्रूंची भोकं तेवढी उरलीत. तो म्हणाला, सैल झाली होती, काढून टाकली. नवी लावू या म्हटलं, तर म्हणाला की आपल्याच माणसांत कडी कशाला. हसत म्हणाला.

रात्री झोप लागली नाही. दाराला खुर्ची लावून बसले होते. तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी
दीपा


पिस्कॅटवे,
७ फेब्रुवारी २००४

चि. दीपास,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. चिटणीस हे इंग्रजीत कसं टाइप केलंत? आपली आडनावं इथं प्रत्येक घर वेगळं लिहितं. कॉम्प्युटर बिचारा अक्षरं बघतो, उच्चार नाही. त्याच्या नावानं आलेल्या पाकिटावर स्पेलिंग बघ, बाहेरूनच. पाकीट उघडू नकोस. आणि आज रात्रीपासून निधीकडे झोप. ही विनंती नाही.

मायेनं रागावते आहे, समजून घे.

शुभाताई


नेपरव्हिल, निधीच्या घरून,
१६ फेब्रुवारी २००४

ती. सौ. शुभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं ठरलं. आम्ही टीनंतर लगेच एन टाकला होता. त्याच्या बँकेच्या पाकिटावर मध्ये ए आहे. त्या एका ए-नं स्क्रीनवर ओळ उमटली. जन्मतारीख तीच, श्रीखंडाची.

फाइल मी उभ्यानंच वाचली. पाच वर्षांपूर्वी तो एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहत होता. आधी त्यांची गाडी, मग फोन, मग मैत्रिणी बंद केल्या. शेवटी त्यांना खोलीत कोंडून मारहाण केली. गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगून सुटला. त्या बाईंनी सांगितलेलं एकेक वाक्य वाचताना मला माझंच घर दिसत होतं. शेवटी निधीनं मला बाकावर बसवलं.

मी घरी परत गेले नाही. पोलिसांनी सांगितलं की जुन्या गुन्ह्यासाठी आता काही करता येत नाही, पण किल्ल्या आणायला सोबत येतो. आले. त्यानं किल्ल्या हसत माझ्या हातावर ठेवल्या. वकिलानं खोली सोडायची नोटीस दिली आहे. जाईपर्यंत मी निधीकडेच.

तुझे उपकार मानत नाही, तुला राग येईल. लोभ मात्र मागते.

तुझी
दीपा


नेपरव्हिल,
११ एप्रिल २००४

ती. सौ. शुभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तो मार्चमध्ये गेला हे फोनवर सांगितलंच. पुढचं फोनवर सांगता आलं नाही, रडू येत होतं.

गेल्या सोमवारी फोनच्या आन्सरिंग मशीनवर एका बाईंचा निरोप होता. पद्मिनीबाई, अरोराला राहतात, सत्तरीच्या. देवळात कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला. यतीन माणूस कसा आहे, असं त्यांनी विचारलं होतं, पत्ताही सांगितला होता. तो त्यांच्याकडे राहायलाही आला होता. ताई, मी दोन दिवस फोन केला नाही. त्याला कळलं तर, एवढंच मनात येत होतं.

बुधवारी केला. सगळं सांगितलं, कोर्टाचं, ए-चं. मग त्या अगदी गोड स्वरात म्हणाल्या की हो हो, कळली रेसिपी, साखर बेतानंच घालते. आणि फोन ठेवला.

तो त्यांच्या शेजारी उभा होता.

मी पोलिसांना फोन केला. माझं इंग्रजी त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे, पत्ता तीनदा सांगावा लागला. अधिकारी गेले, त्यांनी बाईंशी एकटीशी बोलायचा आग्रह धरला. त्यांचा दंड काळानिळा होता. त्याला तिथूनच धरून नेलं.

त्यांचा मुलगा टेक्सासहून यायला अजून चार दिवस आहेत, म्हणून मी त्यांना इथं आणलंय. कोर्टात तारखेला दोघी जाणार आहोत. मला भीती वाटतेच. त्यांनाही वाटते. रात्री दिवे चालू ठेवून झोपतो.

आता त्या उठल्यात, वरून हाक मारताहेत. जिना एकटीनं उतरायला घाबरतात. मी वर जाते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
दीपा