पस्तिसावा फोटो

१ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी.
ह्यांच्या कॅमेऱ्याची पूजा केली. हे गेल्यापासूनची चौथी. दरवर्षीसारखी स्टुडिओच्या डार्करूममध्येच. लाल दिवा लावून मागचं झाकण उघडलं, आतली धूळ मऊ फडक्याने पुसली, वर हळदकुंकू. आत ह्यांचा शेवटचा रोल तसाच आहे. छत्तीसपैकी पस्तीस काढलेले. पस्तिसावा आम्हा दोघांचा. सायखेड्याला नदीकाठी टायमर लावून हे धावत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात तसा हा एकच. जगाची लग्नं काढणारा माणूस घरात कायम कॅमेऱ्यामागे.
संकल्प: दिवाळीपर्यंत रोल धुवायचा. मग स्टुडिओ उघडायचा. फक्त फिल्म.

५ ऑक्टोबर.
लेकीचा, हर्षालीचा फोन. आई, गाळा मोबाइल कव्हरवाल्याला देऊन टाक, म्हणाली. मी म्हटलं, फिल्म परत येतेय, मी वाचलंय. म्हणाली, पुण्यात येत असेल, आपल्या इंदिरानगरात नाही. वर म्हणे, माझ्या बाळाच्या बारशात बाबांचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, पाठवू? नको म्हटलं. बोट लावलं की पुसला जातो, त्याला मी फोटो म्हणत नाही.

१४ ऑक्टोबर. सकाळी ११.
कॉलेजच्या दोन मुली आल्या. एकदम व्हिंटेज आहे हो काकू, म्हणाल्या. ह्यांचा रंगवलेला पडदा झटकून लावून दिला. त्यांनी त्याच्यासमोर मोबाइलवर रील काढली आणि थँक्यू म्हणून गेल्या. सुरुवात म्हणून वाईट नाही.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
रोल धुतला नाही. नाशकात केमिकल मिळत नाही. शिवाय फिल्मला घाई चालत नाही, हे मोबाइलवाल्यांना कळायचं नाही.
ओवाळायला कुणी नव्हतं. चकल्या मऊ पडल्या.

१६ नोव्हेंबर. रविवार.
निवृत्ती आला. वीस वर्षं ह्यांच्या हाताखाली होता, आता विंचूरला कांद्याच्या आडतीवर असतो. केमिकल त्यानेच मुंबईहून मागवलं. दुपारी रोल धुऊन दोरीवर टांगला. सुरुवातीचे सहा फोटो आलेत. सहाही कांद्याच्या ढिगांचे. पुढे सगळी फिल्म काळी ठिक्कर.
वहिनी, मागचं झाकण कोणी उघडलं होतं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, मीच, पूजेला, पण लाल दिव्यातच हो. त्याने फिल्म पुन्हा उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाला, लाल दिवा फोटोच्या कागदाला चालतो, वहिनी. फिल्मला नाय चालत. तिला पार अंधार लागतो. सगळ्यात आतले वेढे तेवढे वाचले.
बत्तीस वर्षं त्या दाराबाहेर चहा ठेवला. फटीतून लाल उजेड दिसायचा. आत ये, बघ, असं ह्यांनी एकदाही म्हटलं नाही. मीही दार ढकललं नाही.
कांदे मात्र सुरेख आलेत. साल न् साल दिसते.

१७ नोव्हेंबर.
गाळा कव्हरवाल्याला द्यायला हो म्हणून हर्षालीला कळवलं. बारशातला तो फोटो पाठव, असंही लिहिलं. दोन सेकंदांत आला.
ह्यांचे डोळे मिटलेले आहेत.